आठ अक्षरांचा ताईत

"बहिय्याच्या मुली, ऐकतेस का?"

टीव्हीतून शेख अबुल-असरारांचा घोगरा आवाज आला, आणि गमालातच्या दिवाणखान्यातल्या झाडून साऱ्या बायकांनी तोंडावर हात नेले. कुणाचा चहा सांडला, कुणी "या रब्ब!" म्हणून छाती धरली, आणि शेजारची उम्म हानी तर रडायलाच लागली. तिला रडायला कारण लागत नाही, ते सोडा.

त्या दिवाणखान्यातल्या सोनेरी नक्षीच्या खुर्च्या एरवी चादरीखाली झाकलेल्या असतात. इजिप्तमधल्या दमिएत्तात, या फर्निचरच्या गावात, घरोघरी हेच. खुर्च्या आपणच बनवायच्या, आणि बसायचं मात्र स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. आज चादरी निघाल्या होत्या, गालिच्यावरही जागा उरली नव्हती. गमालातने फोन टीव्हीला जोडला होता आणि पडद्यावर हिरव्या पगडीचा, काळ्या चष्म्याचा शेख सावकाश डुलत होता.

"बहिय्या! बघितलंत? आमच्या अम्माचं नाव!" गमालात म्हणाली. "या गल्लीत कुणाला माहीत होतं सांगा!"

कुणालाच नव्हतं. इथला माणूस मित्राला पगार सांगेल, मूळव्याध सांगेल, पण आईचं नाव विचाराल तर ओठ शिवल्यासारखा बसेल. पहिला मुलगा झाला की बाईचं नाव घरात बंद होतं आणि ती उम्म अमका, म्हणजे अमक्याची आई, होऊन जाते. त्यात करणी करायला आईचंच नाव लागतं हा सगळ्यांचा पक्का समज. त्यामुळे हे नाव सोन्यापेक्षा जपायचं. आणि ते या परक्या माणसाने, कुठे बसून कोण जाणे, धडधडीत उच्चारलं होतं.

दाराशी उभ्यानेच हे सगळं बघणाऱ्या इन्शिराहचं डोकं भणभणलं. ती गमालातची धाकटी बहीण, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. शेखचं थोतांड ती महिनाभर ऐकत होती, पण आईच्या नावाने तिलाही क्षणभर चटका बसला. तिला राग त्या चटक्याचाच जास्त आला.

"तुझ्या लेकीच्या लग्नाला सात गाठी बसल्यात," शेख म्हणाला. "समुद्राच्या तळाशी! माशाच्या पोटात!"

"मागच्या खेपेला त्या मनसूरा गावच्या बाईच्या गाठीसुद्धा माशाच्याच पोटात होत्या," इन्शिराह पुटपुटली. "इतक्या गाठी गिळून तो मासा अजून पोहतोय कसा?"

"श्श! इन्शिराहबाई, पाप लागेल," उम्म हानीने डोळे पुसता पुसता तिला दटावलं.

"अहो, कसल्या गाठी? कंत्राटदार पळालाय! फ्लॅटला फरशा नाहीत म्हणून लग्न अडलंय. शाहिंदाला विचारा!"

कोपऱ्यात बसलेली शाहिंदा, गमालातची मुलगी, होणारी नवरी, मान खाली घालून नखं कुरतडत होती. तिला कोण विचारतंय?

पडद्यावरच्या शेखने अचानक डुलणं थांबवलं. "गाठी बांधणारी परकी नाही. तुझ्याच रक्ताची आहे. तिच्या हातात विद्या आहे आणि ओठांवर शंका. शुक्रवारी ती तुझ्या घरी गोड घेऊन आली. वेटोळ्यांचं गोड. मशब्बक! एकेका वेटोळ्यात एकेक गाठ!"

मशब्बक म्हणजे जिलबीचीच थोरली बहीण. पाकात मुरलेलं, या गावाचं भूषण. खोलीतल्या साऱ्या माना एकदम इन्शिराहकडे वळल्या.

"ताई, तू काही बोलणार आहेस की नाही?" इन्शिराह म्हणाली.

गमालात उठली. आई गेली तेव्हा हिने शाळा सोडली होती. दिवसभर लोकांचे पडदे शिवून हिने धाकटीला शिकवलं, तिची फणी मोडली तेव्हासुद्धा स्वतःची काढून दिली. तीच गमालात आता बहिणीच्या डोळ्यांकडे न बघता दाराकडे बोट करत होती.

"तू लिहिलं होतंस, शुक्रवारी मशब्बक आणते म्हणून. मला ठाऊक आहे. तुला मूल झालं नाही, म्हणून माझ्या लेकीचं बरं बघवत नाही तुला. माझ्या शाहिंदाचं लग्न होईपर्यंत या घरात पाऊल टाकू नकोस."

हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं असतं तरी इन्शिराहने झेललं असतं. ताईच्या तोंडून नाही. ती जिना उतरली. वॉर्निशच्या वासाने भरलेल्या गल्लीतून चालताना तिला रडू येत होतं आणि रडू येतं याची चीड येत होती.

कोपऱ्यावर मिठाईचं दुकान होतं. ती तिथे थबकली.

मशब्बक? पण तिने मशब्बक नेलंच नव्हतं!

नेणार होती, तसं ताईला लिहिलंही होतं. पण शुक्रवारी नमाजानंतर मशब्बकच्या कढईपुढे इतकी झुंबड, की ती बसबूसा, म्हणजे रव्याच्या पाकातल्या वड्या, बांधून घेऊन गेली. ताई शिंप्याकडे गेलेली. दार शाहिंदाने उघडलं, आणि तिने अन् तिच्या मैत्रिणींनी बसबूसाचा तिथल्या तिथे फडशा पाडला. ताईने ते गोड डोळ्यांनी पाहिलंच नाही.

म्हणजे समुद्रतळातला मासा दिसणाऱ्या शेखला रव्याचा बसबूसा दिसला नाही. त्याला दिसलं ते फक्त तिने लिहिलेलं.

इन्शिराहने तिथूनच ताईला फोन लावला. "ताई, ठेवू नकोस, एकच ऐक. मी मशब्बक आणलं नव्हतं. बसबूसा होता. पोरींना विचार."

"मग?"

"मग काय मग? तुझा शेख चुकला!"

"गोड ते गोड. जिन्नांना त्यातलं काय कळतंय?"

"समुद्राच्या तळातलं कळतं आणि बसबूसा कळत नाही?"

"हेच, हेच! शंका!" गमालात ओरडली. "शेखसाहेब बोलले ते अक्षरन्अक्षर खरं," आणि फोन बंद. इन्शिराहला तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला. आठवीच्या वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ मुलीला गुरुत्वाकर्षण समजावणं याच्यापेक्षा सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने शाहिंदाला गाठलं. पोरगी बालवाडीत शिकवते. फाटकाशीच दोघी बोलत राहिल्या.

"मला खरं सांग, हा शेख आईच्या मागे लागला कसा?"

"आईने त्याच्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, मुलीचं लग्न अडलंय, दुआ करा. लगेच त्याच्या सेवकाचा मेसेज आला. मग त्याने ताईत पाठवला."

"टपालाने?"

"नाही गं मावशी, फोनवर. आठ अक्षरांचा ताईत. म्हणाला, नमाजाआधीसारखं हातपाय धुऊन वजू करा, मक्केच्या दिशेला, किब्ल्याकडे तोंड करा, फोनवर एक दार उघडेल, त्यात उजव्या हाताच्या तर्जनीने ही अक्षरं लिहा. कुणाला सांगू नका, नाहीतर ताईत उलटेल."

"कसली अक्षरं? अरबी?"

"इंग्रजी. आणि मध्ये आकडे."

"जिन्न इंग्रजी कधीपासून शिकले?" इन्शिराहने कपाळावर हात मारून घेतला. "आणि ते दार म्हणजे?"

"चॅटचं अॅप काहीतरी विचारत होतं. आईने चष्मा लावला नव्हता. मी 'थांब, वाचू दे' म्हटलं तर माझ्यावरच खेकसली."

आता इन्शिराहला सगळं लख्ख दिसलं. ते अॅप फोनवर चालतं तसंच दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरही चालवता येतं; फक्त फोनच्या मालकाने परवानगी द्यावी लागते. परवानगी म्हणजे त्या कॉम्प्युटरने दाखवलेली आठ अक्षरं आपल्या फोनमध्ये टाकायची. ताईने वजू करून, बिस्मिल्ला म्हणून, चोराला स्वतःच्या हाताने किल्ली दिली होती. फोन बंद पडला नाही, काही हरवलं नाही, म्हणून संशयही आला नाही. तेव्हापासून तिचा शब्दन्शब्द तो कुठेतरी बसून वाचत होता. आईचं नावही त्यातच होतं. आईच्या बरसीच्या दिवशी इन्शिराहनेच तर लिहिलं होतं: "आपल्या बहिय्याच्या हातची मुलुखिय्याची भाजी आज फार आठवते."

"मग आत्ता जाऊन आईच्या फोनमधून त्याला हाकलून देऊ," शाहिंदा म्हणाली.

"आणि ती काय म्हणेल? मावशीने ताईत मोडला. उद्या परत नवा घेईल. नाही, तिला डोळ्यांनी दिसायला हवं. पुढची बैठक कधी?"

शाहिंदाचा चेहरा पडला. "गुरुवारी. शेख म्हणतो माझ्या शबक्यावर नजर बसलीय. साखरपुड्याचं सगळं सोनं धुऊन शुद्ध करून देणार. त्याचा माणूस गाडीवरून येईल. बायकांच्या घरात पुरुष शिरायला नको म्हणून आईने बाल्कनीतून टोपलीतून सोनं खाली सोडायचं."

"वा! म्हणजे चोराचं तोंडसुद्धा कुणी बघायचं नाही. किती हो मर्यादाशील!" इन्शिराहचे दात आवळले गेले. सासरचं सोनं गेलं की लग्न मोडणार, आणि तेही खापर तिच्याच डोक्यावर फुटणार. "शाहिंदा, तुझ्या सासूचं नाव काय?"

पोरगी गोरीमोरी झाली. "उम्म वगदी."

"ते गावाला माहीत आहे. खरं नाव?"

"मला कसं माहीत असणार? वगदी मला सांगेल का? मी एकदा विचारलं तर दोन दिवस फुगून बसला."

"म्हणजे आईलाही माहीत नाही. छान," इन्शिराह म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. "फोन काढ. आईला लिही मी सांगते ते."

शाहिंदाने लिहिलं: "आई, गंमत कळली. वगदीच्या आईचं नाव नेअमत आहे. पोटात ठेव हं, त्याला कळलं तर मारेल मला." आणि पाठवून दिलं.

तिथून इन्शिराह थेट उम्म वगदीच्या कारखान्यात गेली. पलंगांच्या फळ्यांमध्ये बसून कारागिरांवर ओरडणारी ती धिप्पाड बाई. तिला इन्शिराहने सोन्याची गोष्ट सांगितली, नावाची मात्र सांगितली नाही. सोनं म्हटल्यावर बाईचे डोळे गरगरले.

"टोपलीत? माझं सोनं? गुरुवारी मी स्वतः येते!"

गुरुवारी दुपारी पुन्हा खुर्च्यांवरच्या चादरी निघाल्या. सोन्याची पेटी बाल्कनीत दोरीच्या टोपलीत तयार ठेवलेली. गमालातने दार उघडलं, समोर उम्म वगदी आणि तिच्या मागे इन्शिराह.

"विहीणबाई, तुम्ही या. ही नको."

"हिला मी आणलंय," उम्म वगदी चपला न काढताच आत घुसली. "सोनं माझ्या घरचं आहे. मला माझा साक्षीदार आणायचा हक्क नाही का?"

विहिणीपुढे गमालातला बाजूला व्हावं लागलं. इन्शिराह पुन्हा दाराशीच उभी राहिली. गमालातने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ते तिला शेखच्या शापापेक्षा जास्त लागलं.

पडद्यावर हिरवी पगडी उगवली. उदाचा धूर, डुलणं, घोगरा आवाज, सगळं यथासांग झालं. मग शेखने दोन्ही हात वर केले.

"नवरदेवाच्या कपाळावर मला सावली दिसतेय! त्याच्या आईचं नाव... पडद्याआड आहे... जिन्न सांगायला घाबरतोय... सांग, तुला सुलेमानच्या अंगठीची शपथ! हां! वगदी, नेअमतचा मुलगा!"

"अल्लाह!" गमालात टाळी वाजवून उठली. "हे तर मलाही आत्ता दोन दिवसांपूर्वी कळलं! विहीणबाई, आता तरी पटलं ना?"

उम्म वगदी हलली नाही. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"कोणाचा मुलगा?"

"नेअमतचा... तुमचा..."

"नेअमत कोण?" बाई उभी राहिली आणि खोली लहान वाटायला लागली. "नऊ महिने मी पोटात वागवला! दोन दिवस कळा मी सोसल्या! आणि हा पगडीवाला माझा मुलगा कुठल्या नेअमतच्या पदरात टाकतोय? तफीदा! माझं नाव तफीदा आहे! ऐकलंस रे मेल्या? तफीदा!"

तीस वर्षांत ते नाव चार भिंतींबाहेर निघालं नसेल. आज ते असं गरजलं, की खालच्या गल्लीतल्या रंधे मारणाऱ्यांचे हात थांबले.

"जिन्न... कधीकधी... जन्मनाव आणि आत्मनाव..." शेख अडखळला.

"आत्मनाव? थांब, तुला माझं आत्मनाव दाखवते!"

पडदा काळा झाला. शेखसाहेबांचं इंटरनेट नेमकं तेव्हाच गेलं.

गमालात लेकीकडे वळली. "पण शाहिंदा, तूच तर लिहिलं होतंस..."

"मावशीने सांगितलं म्हणून, आई. नाव खोटंच होतं. ते जगात कुठेच नव्हतं, फक्त तुझ्या फोनमध्ये होतं."

इन्शिराह पुढे झाली. "ताई, फोन दे." गमालातने दिला. इन्शिराहने अॅपची सेटिंग उघडली, जोडलेल्या उपकरणांच्या पानावर गेली आणि पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला. तिथे एका कॉम्प्युटरचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, आत्ता सुरू.

"हा तुझा जिन्न. आपल्या घरात कॉम्प्युटर आहे का? नाही. तू ती आठ अक्षरं लिहिलीस तेव्हा फोन तुला विचारत होता, दुसऱ्या यंत्राला आत घेऊ का? तू वजू करून हो म्हटलंस. त्या दिवसापासून तो तुझ्या खांद्यावरून वाचतोय. अम्माचं नाव मी लिहिलं होतं, मशब्बक मी लिहिलं होतं, ते त्याने वाचलं. बसबूसा मी लिहिला नव्हता, म्हणून तो त्याला दिसला नाही." तिने त्या नावावर बोट दाबलं, बाहेर काढा म्हणून सांगितलं. नाव गेलं. "संपला जिन्न. ना धूप, ना अंगारा."

"सगळं वाचलं?" गमालातचा आवाज अगदी बारीक झाला होता. "शाहिंदाच्या बाबांना कुवेतला लिहिते ते पण?"

"ते पण."

गमालात मटकन खुर्चीत बसली. इन्शिराहला वाईट वाटलं, पण आता थांबून चालणार नव्हतं.

"आणि विचार कर, त्याने माझंच नाव का घेतलं? तुझ्या त्या सगळ्या मेसेजांत 'ताई, हा भामटा आहे, फसू नकोस' असं लिहिणारी एकटी मी होते. सोनं न्यायचं तर आधी मला घराबाहेर काढायला हवं होतं. त्याने नुसतं बोट दाखवलं. बाहेर काढलंस तू."

खालून मोटरसायकलचा हॉर्न वाजला. उम्म वगदी तरातरा बाल्कनीत गेली, पेटी काखेत मारली, पायातली चप्पल काढून टोपलीत ठेवली आणि दोर सैल सोडला. हेल्मेटवाल्याने टोपलीत हात घातला, चप्पल बघितली, वर बायकांची रांग बघितली, आणि गाडीला किक मारून जो सुटला तो थेट पुलापलीकडे. इन्शिराहने नंबर टिपायला फोन वर केला, तर पाटीला चिखल फासलेला. तिने हातच चोळले.

"फसवा निघाला मेला," उम्म हानी डोळे पुसत म्हणाली. "पण इन्शिराहबाई, तन्ता गावात एक शेख आहे हं, तो खरा आहे. माझ्या जावेला त्याने..."

"उम्म हानी!" इन्शिराह किंचाळलीच. "अहो, आत्ता डोळ्यांदेखत काय झालं? गैबचं, डोळ्यांआडचं ज्ञान फक्त अल्लाहला आहे हे तुम्ही रोज म्हणता ना? मग मेसेज पाठवणाऱ्या माणसाला ते कुठून आलं, एवढं तरी विचारा! कुणी फोनवर काही टाकायला सांगितलं, टाकू नका. कोड आला, तो कुणाला वाचून दाखवू नका. शेख म्हणो, बँक म्हणो, सरकार म्हणो. आणि जो म्हणेल 'हे घरच्यांना सांगू नकोस', तो चोर. त्यात शंका नको. आधी घरातल्या कुणाला तरी विचारा. शंका घेणाऱ्या माणसाला तर अजिबात हाकलू नका हो!"

बायका माना डोलावत उठल्या. किती जणींच्या डोक्यात शिरलं, देव जाणे. जिन्यात उम्म हानी कुणाला तरी तन्ताचा पत्ता सांगत होती.

खोली रिकामी झाली. शाहिंदा चादरी घालायला लागली. गमालात फोनकडे बघत बसली होती. तिच्याच्याने माफी मागवेना.

"मशब्बक आणलंस का?" शेवटी गमालातने विचारलं.

"नाही."

"का?"

"तू मांजरांना घातलं असतंस."

"मग चल. दोघी जाऊन आणू. मी माझ्या हाताने खाते, तुझ्या समोर." तिने चष्मा शोधून नाकावर ठेवला आणि उठली.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. अनोळखी नंबर: "आदरणीय भगिनी, आपली फसवणूक झाल्याचं कळलं. आम्ही सुरक्षा विभागातून आहोत. आपलं खातं वाचवण्यासाठी सोबतची आठ अक्षरं टाका. कुणालाही सांगू नका."

इन्शिराहने फोन घ्यायला हात पुढे केला. गमालातने दिला नाही. तिने मेसेज चष्म्यातून शेवटपर्यंत वाचला, बहिणीलाही वाचून दाखवला, मग फोन तोंडाजवळ धरला आणि आवाज रेकॉर्ड करत म्हणाली, "आधी तुझ्या आईचं नाव सांग."

मग तिने तो नंबर बंद करून टाकला. उत्तराची वाट बघायची तिला गरज वाटली नाही, आणि तुम्हालाही वाटू नये. तुमच्या फोनवर असा कुणी आला, तर इतकंच करा: थांबा, चष्मा लावा, नीट वाचा, आणि शेजारच्या माणसाला दाखवा.